दोरीच्या उड्या : आधी पाय, मग दम

जानेवारीत घेतलेली उड्यांची दोरी फेब्रुवारीत कुठे असते, हे बहुतेक घरांना ठाऊक आहे : दारामागच्या खुंटीला. शे-दोनशे रुपयांची वस्तू, वीज लागत नाही, जिमची फी नाही, जागा लागते ती जेमतेम दोन चटयांची. तरीही हा व्यायाम टिकत नाही. याचं खापर आपण आळसावर फोडून मोकळे होतो. प्रत्यक्षात गडबड पहिल्या आठवड्यातच झालेली असते. चाळिशीला टेकलेला माणूस शाळेतल्या आठवणींच्या भरवशावर गच्चीत जातो, पहिल्याच दिवशी शंभर उड्यांचं लक्ष्य ठरवतो आणि कशाबशा त्या पुऱ्याही करतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटऱ्या धरतात. म्हणून एक दिवस सुट्टी, आणि तिसऱ्या दिवशी इरेला पेटून दीडशे. दहा-बारा दिवसांत नडगी नाहीतर टाच दुखायला लागते, डॉक्टर ‘उड्या बंद’ म्हणतात आणि दोरी खुंटीवर जाते.

यात त्या माणसाचा दम कमी पडलेला नाही. शंभर उड्या त्याने मारल्या होत्याच. कमी पडले ते पाय. दोरीच्या उड्यांकडे आपण हृदयाचा आणि फुप्फुसांचा व्यायाम म्हणून बघतो आणि तो तसा आहेही. पण नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी तो आधी पोटरी, घोटा आणि टाचेच्या मागच्या जाड कंडरेचा व्यायाम असतो. हृदय काही आठवड्यांत सरावतं, कंडरेला महिने लागतात. पहिल्या दोन महिन्यांची आखणी या सावकाश चालणाऱ्या कंडरेच्या वेगाने केली तर दोरी हातातून सुटत नाही.

या व्यायामाला पहिला गिअर नाही

चालायला सुरुवात करणाऱ्याला एक सोय असते : हळू चाला. सायकलवर पेडल हलकं करता येतं, पोहताना मध्येच तरंगता येतं. दोरीला मात्र पहिला गिअरच नाही. फार हळू फिरवली तर ती गोलाईत राहत नाही, ढिली पडते आणि पायात अडकते. त्यामुळे अगदी नवशिक्यालाही मिनिटाला ८० ते १०० फेरे फिरवावेच लागतात.

व्यायामाची तीव्रता मोजायला शास्त्रज्ञ ‘मेट’ हे एकक वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला जेवढी ऊर्जा लागते तेवढा १ मेट. भरभर चालणं साधारण ४ ते ५ मेटचं. ताशी ८ किलोमीटरने धावणं ८ मेटच्या थोडं वर. आणि दोरी? मिनिटाला १०० पेक्षा कमी उड्या, म्हणजे दोरीच्या भाषेत ‘सावकाश’, त्यासुद्धा ८.८ मेटच्या. मिनिटाला १०० ते १२० उड्यांचा नेहमीचा वेग घेतला तर आकडा ११.८ वर जातो. थोडक्यात, दोरीवरची सर्वांत सोपी पायरीच जॉगिंगच्या बरोबरीने सुरू होते. रोज तासभर फिरायला जाणाऱ्या माणसालाही दीड मिनिटात धाप का लागते, याचं उत्तर या आकड्यांत आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वेग कमी करता येत नसेल तर वेळ कमी करायचा. वीस सेकंद उड्या, चाळीस सेकंद विश्रांती, पुन्हा वीस सेकंद उड्या. नवशिक्यासाठी तुकड्यातुकड्यांनी उड्या मारणं ही सवलत नसून हाच मुख्य मार्ग आहे. बॉक्सर लोक दोरीवर पायांची चपळाई आणि दम दोन्ही कमावतात, तेही तुकड्यांतच : तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती. त्यांच्या लढतीची घडीच तशी असते. आपली फेरी वीस सेकंदांची, एवढाच फरक.

दहा मिनिटांची जाहिरात

‘दहा मिनिटं दोरी म्हणजे तीस मिनिटं धावणं’ हे वाक्य दोरीच्या वेष्टनावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सारखं फिरत असतं. त्याचं मूळ बहुधा १९६८ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या जॉन बेकर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आहे. महाविद्यालयीन मुलांचे दोन गट केले होते. एक गट रोज दहा मिनिटं दोरीवर उड्या मारायचा, दुसरा रोज अर्धा तास जॉगिंग करायचा. सहा आठवड्यांनी पायरी चढ-उताराच्या चाचणीत दोन्ही गटांची प्रगती सारखीच दिसली.

प्रयोग खरा आहे, पण त्यातून काय निघतं तेवढंच घ्यावं. ही मुलं तरुण होती, संख्येने शंभराच्या आत होती आणि तपासला गेला तो फक्त हृदयाचा दमसास. उष्मांक तिप्पट वेगाने जळतात असा याचा अर्थ होत नाही. मेटचं गणित मांडून बघा : ६० किलो वजनाचा माणूस सावकाश उड्यांत मिनिटाला साधारण ९ आणि नेहमीच्या वेगात १२ कॅलरी खर्च करतो. नवशिक्याने दहा मिनिटांत वीस-चाळीसच्या हिशेबाने जेमतेम सव्वातीन मिनिटं प्रत्यक्ष उड्या मारल्या, तर त्यांचा खर्च तीसच्या आसपास. विश्रांतीतला खर्च धरला तरी एक वडापाव फिटायला बरेच दिवस दोरी फिरवावी लागेल. केवळ वजन उतरवायला कुणी दोरी घेणार असेल तर आधी ताटाकडे बघावं. दोरीचा खरा फायदा थोड्या वेळात दमसास, तोल आणि पायांची लवचीक ताकद मिळण्यात आहे.

हाडांनाही फायदा होतो. हाडावर नियमित भार पडला की ते त्या भाराप्रमाणे घट्ट होत जातं, हे जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात २५ ते ५० वयाच्या स्त्रियांना दिवसातून दोनदा फक्त दहा किंवा वीस उंच उड्या मारायला सांगितल्या होत्या, दोन उड्यांमध्ये तीस सेकंद थांबून. सोळा आठवड्यांत त्यांच्या खुब्याच्या हाडांची घनता सुधारली. त्या दोरीविनाच्या उड्या होत्या, पण बोध आपल्या कामाचा आहे : हाडाला भाराची जाणीव व्हायला हजार उड्या लागत नाहीत.

उडी किती उंच?

नवशिक्या ओळखायचा असेल तर त्याचे गुडघे बघावेत. दोरी पायाखालून जावी म्हणून तो गुडघे पोटाकडे ओढतो, वीतभर उंच उडतो आणि धप्पकन खाली येतो. एवढ्या उंचीची गरज असते का, हे साध्या हिशेबाने कळतं.

मिनिटाला १२० उड्या म्हणजे दोरीचा एक फेरा अर्ध्या सेकंदात. हात कमरेपाशी, जमिनीपासून जवळपास एक मीटरवर. म्हणजे दोरी साधारण एक मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढते, त्याचा परीघ सहा मीटरच्या वर. अर्ध्या सेकंदात सहा मीटर, म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरहून जास्त वेग. या वेगाने दोरीला तुमच्या तळव्याची लांबी पार करायला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. आता पायांकडे बघा. अडीच सेंटिमीटरची, म्हणजे इंचभर उडी मारली तर पाय हवेत सेकंदाच्या सातव्या भागाएवढे राहतात. दोरीला लागतो त्याच्या सातपट वेळ. इंचभर उडी पुरून उरते.

आता वीतभर, समजा १५ सेंटिमीटर उडी घेतली तर काय होतं? दर उडीला शरीर उचलण्याचं काम सहापट होतं आणि जमिनीवर आदळण्याचा वेग जवळपास अडीचपट. धाप लवकर लागते ती या कामामुळे आणि नडगी दुखते ती या आदळण्यामुळे. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन बेल वाजवतात तेही याचमुळे.

उडी कमी करायचा एक सोपा उपाय म्हणजे कान. नीट उडी मारणाऱ्याची दोरी जमिनीला हलकेच टेकते तेव्हा ‘टिक’ ऐकू येतं आणि पायांचा आवाज जवळपास येत नाही. ‘धप, धप’ ऐकू आलं की उडी उंच जातेय किंवा टाच टेकतेय. गाणी लावून उड्या मारायला मजा येते, पण पहिले काही दिवस गाणी बंद ठेवा. दोरीचा आवाज हाच तुमचा प्रशिक्षक.

दोरी, जमीन आणि बूट

बाजारात सुती, प्लॅस्टिकची, मण्यांची, पोलादी तारेची आणि जड मुठींची अशा दोऱ्या मिळतात. सुती दोरी फार हलकी असते, हवेत डगमगते. तारेची दोरी वेगासाठी असते. ती चुकून पोटरीवर बसली की लाल वळ उठतो आणि पुढच्या उडीला माणूस आपोआप बिचकतो. नवशिक्याने थोडी जाड प्लॅस्टिकची नाहीतर मण्यांची दोरी घ्यावी. तिला वजन असल्यामुळे ती या क्षणी कुठे आहे हे हाताला कळतं. मुठीत दोरी मोकळी फिरते ना, एवढं दुकानातच बघून घ्या. फिरत नसेल तर दहा मिनिटांत पीळ पडतो.

लांबी मात्र मोजूनच ठरवायची. दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवून उभं राहा आणि दोन्ही बाजू ताठ वर ओढा. मुठींचं वरचं टोक काखेपर्यंत यायला हवं. खांद्यापर्यंत पोहोचत असेल तर दोरी लांब आहे. ती सैल फिरते आणि हात बाजूला पसरायला लावते. बरगड्यांच्या खालीच संपत असेल तर आखूड, ती सारखी डोक्यात किंवा पायात अडकेल. लांब दोरी घरीच बेतता येते, म्हणून शंका असेल तर लांबच घ्या. हात बसल्यावर थोडी कमी केली की वेगही वाढतो.

उड्या कुठे मारायच्या हा शहरात खरा अडचणीचा प्रश्न. लाकडी फळ्यांची जमीन सर्वांत चांगली, पण ती बॅडमिंटन हॉलमध्ये असते. घट्ट दाबलेली मातीची जमीन छान. आखाड्यातली भुसभुशीत माती मात्र उपयोगाची नाही, पाय रुततो. गवतात दोरी अडकते. इमारतीच्या वाहनतळाची काँक्रीटची फरशी सर्वांच्या सोयीची, आणि पायांना सर्वांत कडक. तिथे जाड रबरी मॅट अंथरावी. योगासनांची पातळ मॅट सरकते आणि तिचा आधारही पुरत नाही. गच्चीवर जागा बक्कळ, पण पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या फरशीवर उडी मारणं म्हणजे मनगटाचं हाड मोडून घेणं. डोक्यावर हातभर मोकळी जागा आहे का आणि वर पंखा नाही ना, हे घरात उड्या मारणाऱ्याने आधी बघावं.

अनवाणी उड्या पहिले काही महिने नकोत. चवड्याखाली गादी असलेले, बाजूने घोटा धरून ठेवणारे साधे खेळाचे बूट पुरतात. स्त्रियांनी घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा वापरावी. ती नसेल तर दर उडीला स्तनांच्या आधाराच्या पेशीबंधांना हिसका बसतो आणि केवळ त्या त्रासापायी अनेकजणी हा व्यायाम सोडून देतात.

हात, मनगट, चवडा

दोरी फिरते ती मनगटातून. कोपरं बरगड्यांजवळ, हात कमरेच्या उंचीला आणि किंचित पुढे, मुठी सैल. सबंध हात खांद्यातून फिरवणाऱ्याचे खांदे पायांआधी थकतात, आणि हात बाजूला पसरले की दोरी आखूड होऊन पायात येते. दोरी वारंवार अडकत असेल तर पायांना दोष देण्याआधी कोपरं कुठे गेली ते बघा.

नजर समोर, भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर. पायांकडे बघितलं की मान वाकते, पाठ वाकते आणि उडी पुढे-पुढे सरकते. गुडघे किंचित सैल ठेवायचे. उतरायचं चवड्यावर, मग टाच जमिनीला हलकेच टेकली न टेकली तोवर पुढची उडी. श्वास कोंडायचा नाही. पायांवर लक्ष देताना लोक नकळत श्वास धरतात आणि मग ‘मला दमच नाही’ म्हणून निराश होतात. हळू आवाजात आकडे मोजत राहिलं की श्वास आपोआप सुटतो.

पहिले दोन-तीन दिवस पाय आणि दोरी वेगवेगळे शिकवावेत. दोरीच्या दोन्ही मुठी एकाच हातात धरा, बाजूला फिरवा आणि ती जमिनीला टेकते त्या क्षणी जागच्या जागी छोटी उडी मारा. दोरी अडकायचा प्रश्नच नाही. दोन्ही हातांनी हे करून ताल बसला की मग खरी उडी. चाळिशीत पहिल्यांदा शिकणाऱ्यालाही या पद्धतीने आठवडाभरात सलग वीस-पंचवीस उड्या सहज जमू शकतात. उलट, लहानपणी खूप खेळलेल्यांना जुनी सवय आडवी येते : दोरीच्या एका फेऱ्याला दोन उड्या, एक खरी आणि एक उगाच. ती अधली उडी काढून टाकली की निम्मी आदळआपट वाचते.

दोन्ही पायांची साधी उडी बसल्यावर बॉक्सरची चाल शिकावी : एका उडीला वजन डाव्या पायाकडे झुकवायचं, पुढच्या उडीला उजव्याकडे. प्रत्येक पोटरीला आळीपाळीने क्षणभर उसंत मिळते आणि तोच माणूस आणखी बराच वेळ टिकतो. हातांची कात्री आणि एका उडीत दोरीचे दोन फेरे हे प्रकार दिसायला देखणे, पण ते चौथ्या-पाचव्या महिन्याचे.

हृदय घाईचं, कंडरा निवांत

व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंच्या पेशींतली ऊर्जेची केंद्रं वाढतात. पंधरा-वीस दिवसांत ‘आता दम लागत नाही’ असं वाटतं ते खरंच असतं. धोका नेमका तिथेच आहे.

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला ज्या कंडरेने जोडलेले असतात, ती अकिलीस कंडरा शरीरातली सर्वांत जाड. प्रत्येक उडीत ती ताणली जाते आणि त्या ताणात साठलेली ऊर्जा परत देते. त्यामुळेच सराईत माणूस कमी कष्टात उडतो. पण कंडरेला स्नायूपेक्षा रक्तपुरवठा खूप कमी आणि ती बनलेली असते मुख्यतः कोलॅजन या चिवट प्रथिनाची. जोरकस व्यायामानंतर पहिला साधारण दीड दिवस कंडरेतलं कोलॅजन बनण्यापेक्षा झिजतं जास्त, बांधणीचा जोर त्यानंतर येतो. रोज उड्या मारणारा नवशिक्या बांधणी होण्याआधीच पुन्हा झीज करत राहतो. म्हणून सुरुवातीला एक दिवस आड. दम भरपूर असला तरी एक दिवस आडच.

मधल्या दिवसांत पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली कराव्यात, बारा-पंधराचे दोन-तीन फेरे. हा व्यायाम दिसायला फुटकळ, पण पोटरी आणि कंडरा तयार करायला याच्यासारखा दुसरा नाही. एका पायावर सलग पंधरा-वीस वेळा टाच उचलता येत नसेल, तर दोरी हातात घेण्याआधी दोन-तीन आठवडे हेच करा.

पहिले आठ आठवडे

आठवड्यातून तीन दिवस, उदाहरणार्थ सोमवार, बुधवार आणि शुक्रवार. प्रत्येक वेळी आधी पाच मिनिटं जागच्या जागी चालणं, घोटे आणि मनगटं फिरवणं, काही बैठका. शेवटी पोटरीला ताण देणं : भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीवर, अर्धं मिनिट.

पहिला आणि दुसरा आठवडा : २० सेकंद उड्या, ४० सेकंद विश्रांती, असे ८ फेरे. एकूण आठ मिनिटं.

तिसरा आणि चौथा आठवडा : ३० सेकंद उड्या, ३० सेकंद विश्रांती, १० फेरे.

पाचवा आणि सहावा आठवडा : ४० सेकंद उड्या, ३० सेकंद विश्रांती, १० फेरे.

सातवा आणि आठवा आठवडा : १ मिनिट उड्या, ३० सेकंद विश्रांती, १० फेरे. यात प्रत्यक्ष उड्या दहा मिनिटांच्या होतात.

विश्रांती म्हणजे बसणं नव्हे, सावकाश चालत राहायचं. दोरी अडकली तर घड्याळ थांबवू नका, सोडवा आणि उरलेले सेकंद पुरे करा. एखादा टप्पा जड गेला तर तोच आणखी एक आठवडा ठेवा. हलका गेला तरी पुढचा टप्पा आधी गाठायचा नाही, कारण तो दमाला हलका गेलाय, कंडरेला नव्हे.

तीव्रता जोखायला मनगटावरचं घड्याळ हवंच असं नाही. उड्या थांबवल्याबरोबर तीन-चार शब्दांपलीकडे वाक्य जात नसेल तर व्यायाम जोरकस आहे. एक शब्दही फुटत नसेल तर जास्त होतोय. नाडी बघायची असेल तर १५ सेकंद मोजून चारने गुणा. हृदयाची कमाल गती काढायचं प्रचलित सूत्र २२० वजा वय. म्हणजे चाळिशीत १८०. जोरकस व्यायामात नाडी याच्या साधारण ७७ ते ९५ टक्के असते, म्हणजे १३९ ते १७१. त्याहून बोलका आकडा वेगळा आहे : शेवटच्या फेरीनंतर एका मिनिटात ठोके किती उतरले? दर दोन आठवड्यांनी हा आकडा वहीत लिहा. तो वाढत गेला की हृदय तयार होतंय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. हा कोटा एकट्या दोरीवर भरायची गरज नाही. तीन दिवस दोरी आणि उरलेल्या दिवसांत भरभर चालणं, हे गणित सहज जमतं.

कोकण आणि मुंबईकडच्यांसाठी एक सूचना. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि त्याच उड्यांना नाडी जास्त चढते. एप्रिल-मेमध्ये पहाटे किंवा पंख्याखाली व्यायाम करा आणि एक-दोन फेरे कमी केले तरी हरकत नाही. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या.

दुखणं कोणतं चालेल?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही पोटऱ्या सारख्याच, मोघम दुखणं अपेक्षित आहे. ते तीन दिवसांत जातं. थांबायचं ते तीन खुणांवर. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाचेत कळ येणं. टाचेच्या मागची कंडरा सकाळी ताठ आणि दाबली की दुखरी वाटणं. आणि नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा नेमक्या जागी दुखणं. ही तिसरी खूण सर्वांत गंभीर, कारण हाडाला बारीक तडा गेल्याची ती शक्यता असते. तिथे सहन करून पुढे जायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

घराघरांतल्या समजुती

‘उड्या मार, उंची वाढेल’ हे प्रत्येक बुटक्या मुलाने ऐकलेलं असतं. उंची ठरते ती आनुवंशिकता, आहार आणि हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्यांवर. त्या पट्ट्या बंद झाल्यावर कोणत्याही व्यायामाने उंची वाढत नाही, आणि बंद होण्याआधीही दोरीने ती जास्त वाढते असा पुरावा नाही.

‘उड्यांनी पोट उतरतं’ हे अर्धसत्य. शरीर चरबी कुठून काढायची ते स्वतः ठरवतं, उड्या मारणाऱ्याला विचारून नाही.

‘बायकांनी उड्या मारल्या की गर्भाशय खाली सरकतं’ ही समजूत मात्र अनेक मुलींचे खेळ बंद करून गेली आहे. निरोगी मुलीचं किंवा स्त्रीचं गर्भाशय दोरीच्या उड्यांनी सरकत नाही. पण या समजुतीला हसण्याच्या नादात एक खरी अडचण झाकली जाते. बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात आणि उडी मारताना लघवीचे थेंब गळतात. हे अनेकजणींना होतं आणि त्याबद्दल घरातही बोललं जात नाही. त्यावर उपाय आहेत : हे स्नायू आवळण्या-सोडण्याचे व्यायाम आणि फिजिओथेरपिस्टचं मार्गदर्शन. ते होईपर्यंत उड्या थांबवाव्यात. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या स्त्रियांनी आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

कोणी आधी विचारावं

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, छातीत दुखणं किंवा चक्कर येण्याचा इतिहास, गुडघ्यांची झीज, ठिसूळ हाडं, गर्भारपण, खूप जास्त वजन, यांपैकी काहीही असेल तर आधी वैद्यकीय सल्ला. मधुमेह्यांनी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. पायांची संवेदना कमी झाली असेल तर फोड आणि जखम कळत नाही. आणि डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा पुढच्या टप्प्याचा परिणाम झाला असेल तर हिसक्यांच्या व्यायामाने आत रक्तस्राव होऊ शकतो. अशांनी दोरी नको, चालणं किंवा सायकल बरी. बाकी निरोगी माणसाच्या गुडघ्यांना इंचभर उडीची भीती नाही. गुडघे बिघडवते ती वीतभर उडी आणि काँक्रीट.

आठ आठवडे पाळून दहा मिनिटांच्या उड्या जमल्या की पुढचा मार्ग तुमचा तुम्हालाच सापडेल : कुणी वेग वाढवेल, कुणी कात्री शिकेल, कुणी नुसत्या दहा मिनिटांवर वर्षानुवर्षं राहील, आणि त्यातही कमीपणा नाही. तोवर मात्र उड्यांचा आकडा कुणाला सांगू नका, कुणाशी पैज लावू नका आणि दम आहे म्हणून एखादा टप्पा गाळू नका. आज दोरी काखेपर्यंत मोजून घ्या, मॅट अंथरा आणि वीस सेकंदांचे आठ फेरे मारून थांबा. परवा पुन्हा.